'अभिनंदन' दिसलं की उडव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट सांगता यायचं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शेवगावात स्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे. इंटरनेट नवंनवं, आणि सगळ्या क्लासला मिळून ई-मेलचा पत्ता एकच. त्यात कचरा फार यायचा — लॉटरी लागली, निवड झाली, अभिनंदन! सगळं इंग्रजीत. पोरी भुलायच्या. मग मी नियमच करून टाकला: वरच्या ओळीत 'अभिनंदन' दिसलं की उघडायचंच नाही, उडवायचं. केवढी मिरवायचे मी त्या नियमावर!

सुनंदा माझ्याच हाताखाली शिकली, आणि बघता बघता माझ्यापुढे गेली. कुठं काही अडलं की क्लासचे सर तिला हाक मारायला लागले. मला नाही. मी जळायचे हो. किती? तिनं नवा ड्रेस घातला तरी माझं डोकं उठायचं. तिच्या मनात मात्र काही नाही. डब्यातली भाजी आधी मला वाढायची.

पेपरातली जाहिरात बघून तिनं पुण्याच्या नोकरीसाठी अर्ज केला. जाहिरातीत कंपनीचं नाव नव्हतं, नुसता ई-मेलचा पत्ता. अर्ज पाठवला मीच, तो पत्ता टाईप करून — त्यामुळं तो माझ्या डोक्यात पक्का.

मग एका सकाळी मेल आली. सुनंदा माझ्या शेजारीच बसलेली. वरच्या ओळीत अभिनंदन. पाठवणाऱ्याचा पत्ता — तोच. मी ओळखला का? ओळखला. लगेच.

"अगं, ह्ये बी तसलंच का?" तिनं विचारलं.

नाही म्हणायला काय लागत होतं? मी म्हटलं, "तसलंच. उडव."

बटण तिनंच दाबलं. वर हसली. "बरं झालं तू हाईस. न्हाईतर मी पुण्याला पळालेच असते बघ."

तिला कधी बोलावलं होतं, कुठं — ते कधी कळलंच नाही. मलाही नाही.

पुढे ती रोज विचारायची, "माझं काय आलं का गं?" मी तिच्यासमोर मेल उघडून दाखवायचे. काही आलेलं नसायचं. दिवाळीनंतर तिनं विचारणं सोडलं.

मला वाईट वाटलं का? नाही. मला आनंद झाला.