कोळंबीच्या वासाचं रबर

बाबा सिंगापूरला एका माशासाठी आले होते, असं मी म्हटलं की बायको हसते. मुलाचा फ्लॅट, सून, नातीची शाळा हे सगळं बघायचं होतंच. पण मनात लेप होता. लेप म्हणजे तो चपटा मासा, तळाच्या वाळूत अंग पुरून, दोन्ही डोळे वर करून पडलेला. आमच्या गावच्या खाडीत बाबा लहानपणापासून लेप गरवत, म्हणजे गळाने धरत आले. काठी नाही, रीळ नाही. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बोटाला गुंडाळायचा आणि त्याच्या टोकाची गरी पाण्यात सोडायची. मी मात्र पाचवीपासून हॉस्टेलवर. त्यांच्याबरोबर गरवायला एकदाही गेलो नाही.

त्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. हा वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. विमानतळावरून येताना टॅक्सीत ते म्हणाले, "चारी बाजूंनी समुद्र आहे ना रे तुमच्याकडे? मग एक लेप काढू दोघं मिळून. हाताला कळतंय तोवर." महिनाभराचा मुक्काम होता, म्हणजे चार रविवार.

आता मी पडलो इंजिनिअर, तोही पॉलिमरवाला. साधी गोष्ट साधी ठेवीन तर शपथ! दोन रात्री इंटरनेटवर आमिषांचा अभ्यास केला आणि परदेशी रबरी आमिषांची पाकिटं मागवली. गुलाबी, पिवळी, शेपटीला वळण दिलेली, आणि कोळंबीच्या वासाची. पाण्यात वास कसा हळूहळू सुटतो, हे मी बाबांना जेवता जेवता समजावलं. त्यांनी एक तुकडा उचलून हुंगला.

"मासे काय अत्तर लावून लग्नाला चाललेत?"

"बाबा, शास्त्र आहे यामागे."

"असेल. पण लेप नाकाने कमी, डोळ्यांनी जास्त शिकार करतो. हलणारं दिसलं की झेपावतो. त्याला जिवंत कोळंबी लाव, बघ मग."

मी ऐकलं नाही. जिवंत कोळंबी म्हणजे पाण्याची बादली, तो वास, ते चिकट हात. बुकित पंजांगच्या घरून सेम्बावांगच्या किनाऱ्यापर्यंत एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, ते लटांबर कोण नेणार? रबर खिशात मावतं. बाबा म्हणाले, "बरं बाबा. माझा हात थरथरतोच आहे, तुझं रबर आपोआप नाचेल." आणि स्वतःच हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आज चीड येते.

तीन रविवार आम्ही सेम्बावांगच्या जेटीवर बसलो. तीन रविवार रबराला कुणी तोंड लावलं नाही. शेजारी एक म्हातारे चिनी अंकल बसायचे. त्यांच्या बादलीत छोटा पंप गुरगुरत असायचा आणि आत जिवंत कोळंब्या. ते दर थोड्या वेळाने काहीतरी काढायचे, आणि तिसऱ्या रविवारी त्यांनी चक्क लेप काढला, तळहाताएवढा. बाबा उठून बघायला गेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण अर्धा तास बोलत होते. मी फोनवर रबराचे रिव्ह्यू वाचत होतो. कर्म माझं!

चौथा रविवार शेवटचा. मंगळवारी बाबांचं विमान होतं. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आलो तर बाबांनी माझी महागडी काठी बाजूला ठेवलेली, बोटाला तंगूस गुंडाळलेला, आणि जेटीवर उकिडवे बसलेले. अंकलने त्यांना प्लास्टिकच्या पिशवीत पाणी घालून दहा-बारा जिवंत कोळंब्या दिल्या होत्या. थरथरत्या हाताला गरी सरळ करणं जमत नव्हतं, म्हणून दोन्ही हात त्यात गुंतलेले, आणि पुढची कोळंबी त्यांनी ओठांत धरली होती. खाडीवरची जुनी सवय. कोळंबी वळवळत होती. बाबांचे डोळे मात्र एखाद्या पोरासारखे चमकत होते.

नेमकं तेव्हाच मागून आवाज आला, "अरे, तू इथे?"

माझ्या ऑफिसातला सहकारी, पुण्याचा, बायकोबरोबर फिरायला आलेला. दोघं शाकाहारी, नीटनेटके. त्यांच्या घरी मी दोनदा जेवलो होतो आणि दोन्ही वेळा आडनावावरून गावाची चौकशी झाली होती, फार गोड शब्दांत. त्याच्या बायकोने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. एवढंसंच, क्षणभर. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग तिच्यावर यायला हवा होता. आला बाबांवर.

मी पिशवी उचलली आणि सगळीच्या सगळी समुद्रात उलटी केली. वर मोठ्याने, त्या दोघांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाबा, जीव घेणार नाही, असं रोज पाणातिपाता म्हणतो ना आपण? जिवंत जीव गळाला टोचायचा? आपल्या पंचशीलात बसतं हे?"

"वा," सहकारी म्हणाला. "हे आवडलं."

अंकल म्हणाले, "आयो, वेस्ट लाह!" आणि मान फिरवून बसले.

 बाबांनी ओठांतली कोळंबी हळूच काढली, ओंजळीत घेतली, कठड्यापाशी गेले आणि तीही पाण्यात सोडली. मग बोटावरचा तंगूस सोडवायला लागले. तो सुटेना, इतका हात थरथरत होता. मी पुढे झालो नाही. मी त्या दोघांना खायला जवळचं हॉकर सेंटर कुठे आहे ते सांगत होतो.

खरं काय ते लिहितो. शीलबिल काही नव्हतं. मी चिकन खातो, चिली क्रॅब खातो, आणि गळाला रबर लावलं म्हणून त्यावर आलेला मासा काय अमर होतो? मला लाज वाटली होती. माझा बाप तोंडात कोळंबी धरून उकिडवा बसलाय आणि ही माणसं बघताहेत, याची लाज. आणि ती झाकायला मी आमच्या घरातली सगळ्यात स्वच्छ गोष्ट वापरली.

मंगळवारी बाबा गेले. विमानतळावर मी म्हणालो, "पुढच्या वेळी नक्की काढू लेप." ते नुसते हसले.

दोन-तीन महिन्यांनी आई फोनवर म्हणाली, "तुझ्या बाबांनी गरवणं सोडलं. मासेसुद्धा खात नाहीत. काय सांगितलंस रे त्यांना?" मी म्हणालो, वय झालं त्यांचं. एवढं बोलून विषय बदलला. तेव्हाच फोन करून खरं सांगता आलं असतं. त्यांच्या हातात अजून वर्षभराचा तरी जोर होता. आज करू, रविवारी करू असं करत राहिलो. जमलं नाही म्हणणं खोटं आहे. मी केलं नाही.

मी गावी गेलो तो दोन वर्षांनी. रविवारी विहारात वंदना झाल्यावर बाबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. माझ्या मुलाने परदेशात राहून शील सोडलं नाही, मीच आयुष्यभर तोंडाने म्हणत राहिलो आणि हाताने मारत राहिलो, त्याने माझे डोळे उघडले, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका काकांनी "जयभीम" म्हणून माझा हात दोन्ही हातांत घेतला. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं मला.

परतताना आम्ही खाडीवरून आलो. ओहोटी होती. बाबांनी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता.

मी म्हणालो, "बाबा, उद्या येऊ या इथे? मी जिवंत कोळंबी आणतो. तंगूस मी धरतो, तुम्ही नुसतं सांगा."

"नको रे. सुटलंय ते आता." ते पाण्याकडे बघत राहिले. "पण कधी कधी झोप लागत नाही. इतके जीव घेतले आपण, आधी कसं नाही कळलं, असं वाटत राहतं."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. अगदी आलं होतं.

तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "खरं सांग, त्या दिवशी जेटीवर तुला माझी लाज वाटली ना?"

"नाही बाबा," मी म्हणालो.