दोनदा तोललेली पिशवी

मी लिहिणारा नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. साधा अर्जसुद्धा दोनदा खोडतो. त्यातून चाचांवर लिहिण्याचा मला हक्क किती, हेही ठाऊक नाही. त्यांनी सांगितलेलं एकच काम मी वर्षभर केलं नाही. म्हणून आधीच माफी मागतो.

“पिशवी खाली ठेवा.” कापूरहोळच्या फाट्यावर चाचांच्या पंक्चरच्या दुकानात कुणीही शिरलं, की हे पहिलं वाक्य. टायरांच्या शेजारी माणसं तोलायचा मोठा काटा होता. भोरच्या जीपची वाट बघणारे गंमत म्हणून त्यावर चढत. वजन फुकट, पण हातात पिशवी चालायची नाही.

आमचे जाडजूड गुरुजी एकदा चढले. चाचा म्हणाले, “गुरुजी, तुमाला पायलटच्या मागंच बसवावं लागंल. शेपटाकडं बसला, तर इमान उठायचं न्हाई.”

गुरुजींना ती थट्टा वाटली. पण विमान खरं होतं. चाचा पूर्वी पुण्यात एका छोट्या विमान कंपनीत होते. नऊ माणसांची दोन विमानं, पुणे ते नांदेड. एवढ्याशा विमानात माणसंही सामानासारखी तोलत आणि वजन बघून जागा देत. ते काम चाचांचं. पुढे एका विमानाचे भाग काढून दुसरं चालवू लागले आणि एके सकाळी कचेरीला कुलूप लागलं. भंगारात निघालेला काटा चाचांनी मागून आणला.

का आणला, ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. नांदेडात वह्यापुस्तकांचं दुकान असलेला भाऊ शेवटच्या घटका मोजतोय, असं सांगत एक बाई तिकडे निघाल्या होत्या. सगळ्यांत शेवटी आल्या. विमानाचं वजन जास्त भरलं, आणि नियम असा, की शेवटी आलेला माणूस खाली. चाचांनी त्यांना थांबवलं. विमान उडाल्यावर कागद पुन्हा पाहिला.

“बाई पिशवी हातात घिऊनच काट्यावर हुब्या व्हत्या. म्या पिशवी परत येगळी तोलली. एक पिशवी दोनदा धरली, बाळा. जागा व्हती त्यांला.”

“मग?”

“पळत भायेर आलो. बाई न्हवत्या. यष्टीला गेल्या म्हनं. भाऊ भेटला का न्हाई, तेवढं कळंना.”

नांदेडकडचा ट्रक थांबला, की चाचा आधी ड्रायव्हरला त्या भावाच्या वह्यापुस्तकांच्या दुकानाचं विचारत, मग टायरला हात लावत. हायवेवरून जड गाडी गेली, की रिकाम्या काट्याची सुई थरथरे. चाचा बोलता बोलता थांबत आणि तिकडे बघत राहत, कुणी उभं असल्यासारखं.

“तुज्या होस्टेलात नांदेडची पोरं आसतील. इचार की.”

होती. पण माझ्या बोलीला ती हसतील म्हणून मी गप्प राहिलो. दर सुट्टीत चाचा विचारत, “इचारलंस?” मी “इचारतो” म्हणून पिशवी उचलत असे.

यंदा शेवटी शेजारच्या खोलीतल्या मुलाला विचारलं. तो हसला नाही. त्याने सगळं लिहून घेतलं.

हे सांगायला मी कापूरहोळला उतरलो. दुकान बंद होतं. शेजारचा रसवाला म्हणाला, “चाचांना हुडकतोस व्हय? गेलं की रं. ईदच्या आदी.” मी काही बोलण्याआधी पिशवी खाली ठेवली.

दोन आठवड्यांनी होस्टेलच्या त्या मित्राचं घरी कार्ड आलं. दुकान सापडलं होतं. आता भावाचा मुलगा चालवतो. त्याने सांगितलेलं मित्राने दोन ओळींत लिहिलं होतं: “आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचल्या. वडील दुपारी गेले, तोवर दोघं बोलत होती.”