बायकांची सुई

अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे सोयगावचे. आई गेल्यापासून शहरात, छावणी भागात माझ्याकडंच असतात. त्यांच्या कानाखाली सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा दाढ सुजली असेल म्हणून मी मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. निघाला लाळग्रंथीचा कॅन्सर. असाही कॅन्सर असतो हे मला कुठं माहीत होतं? ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले. तोंड असं कोरडं पडलं की भाकरी ताकात कुस्करल्याशिवाय घास उतरेना. एवढं सोसूनही गाठ मानेत परत आली.

मग डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा पुन्हा तपासायला पाठवला. म्हणाल्या, "यांच्या गाठीत एक प्रोटीन जास्त सापडलंय. काही बायकांच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये असतं, तेच. त्यावरचं इंजेक्शन आता लाळग्रंथीच्या अशा गाठींनाही देऊन पाहतात. सगळ्यांना लागू पडत नाही, पण यांना द्यावं असं मला वाटतं." मला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले. अण्णा मात्र रिक्षात बसल्यावर म्हणाले, "मला नाय घ्यायचं ते."

मी लई तापले. औरंगपुरा मागं पडेपर्यंत माझं तोंड चालूच होतं. "सुईला काय कळतंय बाई का बाप्या? गाव हसेल म्हणून जीव देणार का तुम्ही?" आमच्याकडं आजाऱ्याला बघायला अख्खं गाव येतं आणि औषध कोणतं चाललंय हे विचारल्याशिवाय चहाला हात लावत नाही. त्याचीच यांना लाज, असं मी धरून चालले होते.

घरी आल्यावर पाणी दिलं, तर पेला तसाच हातात.

"तुझ्या मायला छातीचाच होता ना," ते म्हणाले. "तव्हा असलं काही औषध हाय, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाय. आता तिची सुई मी कशी घेऊ, पोरी?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. त्यांच्याशेजारी बसून मी पोटभर रडले. मग म्हटलं, "अण्णा, माझ्या घरात राहत असलात तरी माझं माहेर तुम्हीच. तेवढं तरी राहू द्या मला." ठरल्या दिवशी ते सकाळीच आंघोळ करून तयार बसले.

दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर एक बाई होती, तिलाही तेच औषध. सिस्टर आधी अण्णांकडं आली, तसा त्यांनी हात मागं घेतला. "आधी त्यांना लावा," म्हणाले. त्या बाईचं औषधाचं सलाईन सुरू झालेलं नीट बघितलं आणि मगच त्यांनी बाही वर केली.