सीना मावशींनी धरलेला उपवास

सीना मावशींशी मी एकदा खोटं बोललो आणि ते खोटं अनेक वर्षं जपलं. काही आठवड्यांपूर्वी सुनीताने फोनवर त्या गेल्याचं सांगितलं, तेव्हा दुःखाच्याही आधी तेच आठवलं...

सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला राहणाऱ्या सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरून आलेल्या, कुटुंबांतील मुलांच्या आरोग्याचा आमचा दीर्घ अभ्यास होता. मूल जन्मल्यापासून शाळेत जाईपर्यंत दरवर्षी त्याच घरी जायचं. वजन, श्वास, घरातलं खाणंपिणं, सारं विचारायचं. मी आकडेवारी पाहणारा. सुनीता डॉक्टर, मूळची नागपूरची. दम्याने धापा टाकणाऱ्या, मेले नावाच्या तान्ह्या मुलीला तिच्या मावशीने, सीना यांनी वाढवलं. म्हणून आम्हीही त्यांना मावशीच म्हणत असू. पहिल्याच भेटीत त्यांनी डुकराच्या मांसाने भरलेलं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी शाकाहारी आहे, एवढं सांगणं पुरेसं होतं. संकोचाने मी म्हणालो, "आज माझा उपवास आहे." आपल्याकडे एवढ्यावर आग्रह थांबतो. त्यांनी मात्र विचारलं, "कोणासाठी?" त्यांच्याकडे उपवास कोणासाठी तरी प्रार्थना म्हणून धरतात, हे मला ठाऊक नव्हतं. गोंधळून मी मेलेकडे पाहिलं. मावशींचे डोळे भरून आले.

गाडीत सुनीता म्हणाली, "काका, उपवास सुटला असेल तर मागे वेफर्स आहेत." मी ते खाल्लेही.

पुढच्या वर्षी सुनीताने मावशींना नेहमीचा प्रश्न विचारला, या आठवड्यात मोठ्यांपैकी कोणी उपाशी राहिलं का?

"मी. आज."

"घरात अन्न नव्हतं?"

"भरपूर आहे. हा परका माणूस आमच्या मेलेसाठी उपाशी राहतो, मग मी कशी जेवू?"

त्यांना मधुमेह होता. सुनीताने त्यांना तिथेच केळं खायला लावलं. खाता खाता त्या मला म्हणाल्या, "माफ कर हं, मी मध्येच सोडला."

"आता तरी सांगा त्यांना," परतताना सुनीता म्हणाली. पुढच्या भेटीत सांगेन, म्हणालो... सांगितलं नाही. त्यानंतर माझ्यापुढे ताट कधी आलं नाही. लिंबाच्या पानांचा चहा तेवढा येई.

आमचा अभ्यास सच्चा होता, असं मी आजही ठामपणे म्हणेन. ज्यांनी वर्षानुवर्षं दार उघडलं, त्यांनी तो सच्चा ठेवला. त्यात कच्चा राहिलो तो मी.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये सर्वांपुढे ताटं आली, माझ्यापुढे फक्त तो चहा. आता शाळेत जाणारी मेले सर्वांना समजावत होती, "यांना आग्रह करायचा नाही. मावशीने सांगून ठेवलंय, हे माझ्यासाठी उपास करतात."

मी उठून उभा राहिलो.

"मेले, तो उपवास नव्हता. मी मांस खात नाही, एवढं सांगायचं मला धाडस झालं नाही. तुझ्यासाठी खरोखर उपाशी राहिली ती तुझी मावशी. मला माफ कर."