देवदत्तची झिजलेली नाणी

कॅनडातल्या रेजिना शहरात, सरकारी कचेरीत देवदत्त कारंजेकर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा मुका माणूस. प्रमोशन हुकलं तरी हूं की चूं नाही. पण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी कम्युनिटी सेंटरमध्ये नाणी जमवणाऱ्यांचा क्लब बसला, की हाच माणूस राजा!

त्याला वेड होतं जुन्या अमेरिकन सेंटचं. तांब्याचे, दोनशे वर्षांपूर्वीचे, चांगले जुन्या रुपयाएवढे मोठे. त्यातही चांगल्या स्थितीतले नकोत हं, झिजून गुळगुळीत झालेलेच हवेत. लोक म्हणायचे, भंगार. भंगार तर भंगार, पण त्यावरचं साल वाचणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. आकडे कधीच झिजून गेलेले असतात. उरतो तो नुसता रंगाचा फरक, तपकिरी तांब्यावर किंचित काळसर छटा. देवदत्त नाणं उजेडात तिरकं धरून सांगायचा, "सतराशे त्र्याण्णव." क्लबचा म्हातारा अध्यक्ष वॉल्टर भिंगातून बघायचा आणि मान डोलवायचा. "डेव्ह चुकत नाही." बावीस वर्षं या देशात काढून त्याने एवढीच काय ती पत कमावली होती.

दिवाळीला नागपूरहून आई आली. ताराबाई, वय एक्क्याऐंशी. बाहेर उणे पंधरा, बाई जाणार कुठे? नात ईरा इंग्रजीतून उत्तर देणार. सून अरुणा भांडी डिशवॉशरला लावणार आणि वर म्हणणार, "आई, तुम्ही रिलॅक्स करा." रिलॅक्स करून करून म्हातारी अगदी वैतागली होती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी देवदत्त ऑफिसातून आला, तर देवापुढच्या ताटात त्याची सगळी नाणी मांडलेली. गुलाबी, लखलखीत.

"बाप्पा रे, किती कळकट ठेवली होतीस!" आई पदराला हात पुसत म्हणाली. "लक्ष्मी का अशी काळी पुजतात? दुपारभर चिंच-मीठ लावून घासली. बघ तरी!"

घासली! देवदत्तने त्र्याण्णवचा सेंट उचलला, दिव्याखाली तिरका धरला. मग दुसऱ्या बाजूने धरला. सगळीकडे एकच रंग, कोरं तांबं. ज्या काळसर छटेत साल उरलं होतं, ती चिंचेबरोबर सिंकमधून वाहून गेली होती. आता जगातलं कुठलंही भिंग ते परत आणणार नव्हतं.

अरुणा दाराशी तोंडावर हात ठेवून उभी होती. तिला सगळं कळलं होतं. आईची बोटं घासून घासून लाल झाली होती आणि चेहरा मात्र आल्यापासून पहिल्यांदा फुलला होता.

"आवडलं ना रे?"

देवदत्तने सेंट ताटात परत ठेवला. ओरडावं, तर कोणावर?

"छान केलंस, आई."

"मग! मला वाटायला लागलं होतं, आपला इथे काही उपयोगच नाही."

त्या शनिवारी क्लबात नाणी दाखवायची पाळी नेमकी त्याचीच. सगळ्यांना ईमेल गेलेली. येत नाही म्हणून सांगतो कोणाला? गेला बापडा. वॉल्टरने सेंट हातात घेतला, भिंग लावलं आणि भिंग खाली ठेवलं. जुनं तांबं घासणाऱ्याला या लोकांत माफी नाही.

"कोणी केलं हे?"

चिंच, लक्ष्मी, एक्क्याऐंशी वर्षांची आई. इंग्रजीत सुरुवात तरी कुठून करायची? आणि सांगितलं असतं तर ते हसले असते, दर महिन्याला चहाबरोबर आईला हसले असते.

"मी केलं," देवदत्त म्हणाला.

पुढच्या सभासदाने आपली पेटी उघडली आणि नाणी टेबलाभोवती हातोहात फिरू लागली. देवदत्तने सवयीने तळहात पुढे केला. शेजारच्याने त्या हातावरून आपला हात लांब केला आणि नाणं पलीकडच्याला दिलं.