बहुमताशिवाय बटण नाही

मामा गेल्याचं मला रामनाथन यांनी फोनवर सांगितलं. "सुधा, तुझा मामा आज उठलाच नाही..." एवढंच ते म्हणाले. रामनाथन म्हणजे मामांचे रेल्वेतले तमिळ मित्र आणि मामा राहायचे त्या वेलचेरी उपनगरातले शेजारी. नोकरीची काही वर्षं नागपुरात काढल्यामुळे मराठी बोलतात, आपल्या पद्धतीचं. त्या दिवसाची सगळी व्यवस्था मी पाहिली; कुणाला कळवायचं, कुणी काय आणायचं, हे मला जमतं. आता काही आठवड्यांनी मात्र मामांचे रविवार आठवतात आणि हसू येतं.

त्या रविवारांची सुरुवात मीच करून दिली. इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यातला एक जपानी इंजिनिअर परत जाताना घरातलं सामान वाटत होता. त्यातलं टीव्हीला जोडायचं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन मी मामांना दिलं; निवृत्त माणसाला उघडून बघायला काहीतरी हवं. मामांनी आधी विचारलं, "जपानात व्होल्ट किती?" शंभर, हे कळल्यावर रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत त्यांनी मशीनला प्लगजवळ जाऊ दिलं नाही. मग रामनाथन यांच्या मुलीने अमेरिकेहून त्याच मशीनचे गेम आणले, तर त्यांच्या प्लास्टिकच्या डब्या खाचेत बसेनात. एका देशाचा खेळ दुसऱ्या देशाच्या मशीनवर चालू नये, अशी सोय बनवणाऱ्यांनीच केलेली. रामनाथन कानस घेऊन आले. "थोडा घासला की बसेल!" मामांनी मशीनवर हात आडवा धरला. "रामा, मीटरगेजवर ब्रॉडगेजचा डबा चढवायला तू कधी रूळ घासलेस का? डबे जपानहूनच आणू." तेव्हापासून आमच्याकडून जपानला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मागे मामांचं एक काम लागायचं.

खेळ आले, पण सगळे जपानीत. बोटीने देशोदेशी फिरणाऱ्या योद्ध्याचा एक लांबलचक खेळ या दोघांना फार आवडला. पडद्यावर सारख्या दोन-तीन ओळी यायच्या आणि त्यातली एक निवडायची. काय लिहिलंय, याचा कुणालाच पत्ता नाही. फोनने भाषांतर करून घ्यायला मामांचा सक्त विरोध. "मग खेळायचं काय? वाचनालयात जाऊ!" एकदा रामनाथन हात धुवायला उठले असताना मामांनी एकट्याने दुसरी ओळ दाबली आणि कित्येक महिन्यांचा खेळ पुसला गेला. "अय्यो! माझा बोट, माझा सगळा माणूस कुठे गेला?" रामनाथन पुढचे दोन रविवार फिरकले नाहीत. अखेर मामा त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि रेल्वेवाल्यांनी नियम केला: मत घेतल्याशिवाय बटण नाही, आणि बरोबरी झाली तर मामींचं मत अंतिम. मामी स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन यायच्या, चष्मा वर करायच्या आणि म्हणायच्या, "हे अक्षर दार उघडल्यासारखं दिसतंय. हेच दाबा." बहुतेक वेळा दार उघडायचं. मामा म्हणायचे, "बघ रामा, आमच्या घरात असंच चालतं."

तो खेळ संपायच्या आधीच मामा गेले...

मामांचा मुलगा मंदार पुण्यात असतो. आईला एकटी ठेवायची नाही, घर सोडायचं, असं त्याने ठरवलं आणि आवराआवर माझ्याकडे सोपवली. मामी हो म्हणाल्या नाहीत, की नाही म्हणाल्या नाहीत. मी रविवारी खोकी आणि चिठ्ठ्या घेऊन गेले: पुण्याला, वाटायचं, टाकायचं. आतल्या खोल्या भराभर झाल्या. बाहेरच्या खोलीत मशीनपाशी येऊन मी विचारलं, "मामी, याला कुठली चिठ्ठी लावू?" तेवढ्यात मुरुक्कूचा, त्यांच्याकडच्या चकलीचा, डबा घेऊन रामनाथन दारात. खोकी दिसताच तिथेच थबकले. "मामी, मी... रविवार आहे म्हणून पाय आला. जातो."

"अण्णा, आलात तर बसा," मामी म्हणाल्या. मग मामांच्या खुर्चीवरची खोकी उचलून त्यांनी खाली ठेवली आणि स्वतः तिथे बसल्या. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला. बोट एका बंदराला लागलेली होती, आणि पुढ्यात दोन ओळी.

"पहिली," रामनाथन म्हणाले.

"छे, दुसरी."

"मामी, पहिलीच! देवा कंदस्वामी, मशीन पुसला गेला तर?"

"गेला तर पुन्हा सुरू करू. मला कुठे जायचंय?"

हे बोलून त्यांनी खोक्यांकडे पाहिलं. मग तिसऱ्या मतासाठी दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या आणि ती अक्षरं नीट पाहिली. मला त्यात काहीही दिसलं नाही. "दुसरी," मी म्हणाले. बोट हलली.

संध्याकाळी मंदारचा फोन आला. "सुधाताई, आवरलं का?"

"आतलं झालं. बाहेरची खोली राहिली आहे."

"आणखी किती दिवस लागतील?"

मी मामींकडे पाहिलं. त्या चष्मा वर करून नवं बंदर न्याहाळत होत्या, आणि रामनाथन त्यांच्याशी तावातावाने भांडत होते.

"सांगता येत नाही रे," मी म्हणाले. "तूच ये एखाद्या रविवारी. चौथं मत झालं आणि दोन-दोन पडली तर मात्र पंचाईत होईल."