गुळगुळीत टायर

टायरवाल्याने तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला झिजलेल्या टायरवर दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. टायरच्या खाचेत नाणं उभं घालायचं. बुडलं नाही, तर हा बाबा नुसती हवा भरायलाही नकार द्यायचा. लोक चिडायचे, दुसरीकडे जायचे. त्याला त्याची फिकीर नव्हती.

फिकीर होती ती लेकीची. दुकान सांभाळायला नकार देऊन ती छापखान्यात नोकरीला लागली, तेव्हा बापलेकीत जे वाजलं, त्यानंतर दोन वर्षं ती दुकानाची पायरी चढली नव्हती. घरी यायची ती आईशी बोलायला. बापाच्या वाट्याला "बरं आहे ना?" एवढंच. मग एके दिवशी दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "बाबा, रविवारी आमच्या क्लबात या. रिमोटच्या गाड्या आडव्या घसरवतो आम्ही. पण स्वतःची गाडी आणा, नुसतं बघत बसू नका."

झालं! टायरवाला हातातलं काम टाकून गाडी घ्यायला निघाला, आणि डोक्याला ताप सुरू झाला. रिमोटच्या गाड्यांच्या दुकानात एकजण म्हणे, चारही चाकं ओढणारी घ्या, नवशिक्याला सोपी. दुसरा म्हणे, छे, मागची दोनच ओढणारी घ्या, नाहीतर हाताला चुकीची सवय लागेल. तिसरा जायरोवर अडून बसला. जायरो म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान डबी. गाडीचं बूड फिरलं की पुढची चाकं ती आपणच सावरते. चार संध्याकाळी त्याने हे सगळं निमूट ऐकून घेतलं. मागची चाकं ओढणारी गाडी ठरली, जायरो ठरला, पिस्तुलासारखा रिमोटही ठरला. शेवटी दुकानदाराने टायर काउंटरवर ठेवले. कडक प्लास्टिकच्या चार चकत्या, खाच नावाला नाही.

"हे टायर?"

"काका, घसरवायचीच आहे ना गाडी? क्लबात सगळे हेच लावतात."

"असले टायर मी सायकललासुद्धा लावणार नाही," टायरवाला गुरकावला, आणि शोधून शोधून खोल खाचांचे रबरी टायर घेऊन आला.

रविवारी हॉलच्या गुळगुळीत फरशीवर पांढऱ्या पट्ट्यांचा रस्ता आखलेला होता. लेकीची निळी गाडी वळणावर लोण्यासारखी आडवी सरकत होती. ह्याची गाडी पहिल्याच वळणाला फरशी घट्ट धरून उलटली. दुसऱ्यांदा उलटली. तिसऱ्यांदा कुणीतरी हसलं. चौथ्यांदा त्याने रागाने जोर दिला, तशी ती सरळ सुसाट गेली आणि निळ्या गाडीच्या कुशीत घुसली. लेकीने तीन आठवडे बसून रंगवलेलं कवच उभं तडकलं.

तिने बापाची गाडी उलटी करून पाहिली. "टायर कुठले घातलेत हे? दुकानात सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"माझ्याच्याने ते गुळगुळीत टायर लाववेनात."

"नेहमीचंच आहे तुमचं! कुणाचं म्हणून ऐकायचं नाही."

टायरवाल्याने गाडी काखोटीला मारली आणि तडक बाहेर आला. दुकानदारावर, फरशीवर, त्या जायरोच्या डबीवर, सगळ्यांवर तो भडकला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. दोन वर्षांनी बोलावलं पोरीने, आणि आपण काय केलं? तिचीच गाडी फोडली.

पायऱ्यांपाशी लेकीची स्कूटर उभी होती. सवयीने त्याची नजर मागच्या चाकावर गेली आणि तो उकिडवा बसला. खिशातलं नाणं काढून बघायचीही गरज नव्हती. टायरला खाच म्हणून उरलीच नव्हती.

लेक मागोमाग आली. तिच्या हातात प्लास्टिकच्या चार चकत्या होत्या, तिच्या स्वतःच्या जादा. "हे लावा आणि चला आत. कवच मी चिकटवीन."

"हे काय आहे?" त्याने चाकाकडे बोट केलं. त्याचा आवाज चढला होता. "टायरवाल्याची पोरगी ना तू? बदलायला काय झालं होतं?"

ती म्हणाली, "दुसऱ्याच्या दुकानात जाववेना. आणि तुमच्याकडे कोणत्या तोंडाने येणार होते?"

टायरवाल्याचा राग अजून उतरला नव्हता. त्याने उठून हात पुढे केला.

"किल्ली दे. आज चालत जा घरी. उद्या नऊला दुकानात येऊन घेऊन जा."

तिने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, आणि वर त्या चार गुळगुळीत चकत्या.